गायब मिस्त्रींची एक वायर

गाडीत डॅशकॅम बसवून घ्यायचा असेल तर त्या रस्त्यावर दोन दुकानं आहेत. पहिलं कोपऱ्यावरचं. तिथे पंधरा मिनिटांत काम होतं. काचेला कॅमेरा चिकटतो, वायर चिकटपट्ट्यांच्या आधाराने काचेच्या कडेने खाली उतरते, डॅशबोर्ड ओलांडते आणि चार्जरच्या भोकात जाऊन बसते. आठ दिवस ऊन लागलं की चिकटपट्ट्या सुटतात आणि वायर गिअरच्या गळ्यात पडते, पण तोवर गिऱ्हाईक घरी पोचलेलं असतं. दुसरं दुकान गायब मिस्त्रींचं. तिथे तीन तास लागतात, कधी चार. मध्येच "झालं का?" असं विचारणाऱ्याला मिस्त्री बाकावरून उठवून रस्त्यापलीकडे चहा प्यायला पाठवतात. मात्र गाडी परत मिळते तेव्हा आरशामागे एक काळा ठिपका दिसतो आणि दुसरं काही म्हणजे काही दिसत नाही.

"वायर कुठाय?" गिऱ्हाईक विचारतं.

"आहे की, जागच्या जागी," मिस्त्री म्हणतात.

एवढं एक वाक्य म्हणायला मिळावं म्हणून हा माणूस तीस वर्षं गाड्यांच्या पोटात डोकं घालत आला. आधी टेप बसवले, मग कुणी नुसतं टेकलं तरी बोंबलणारे अलार्म, आणि आता कॅमेरे. काम तेच, वायर गायब करायचं. छताच्या अस्तराची कड प्लॅस्टिकच्या पट्टीने केसभर उचलायची आणि वायर बोटाने आत सारायची. मग काचेशेजारच्या खांबाचं आवरण सोडवून वायर एअरबॅगच्या मागून खाली न्यायची. पुढून नेली तर अपघातात एअरबॅगआधी वायरच तोंडावर येते, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता सांगत. तिथून दाराच्या रबराखालून फ्यूजच्या डब्यात. उरलेल्या वायरचं भेंडोळं करायचं नाही, नीट घडी घालून कापडी टेप लावायची, म्हणजे खड्ड्यात गाडी आदळली तरी आत खुडबुड नाही. शेवटी आवरण जागेवर दाबायचं. क्लिपा बसताना 'टक्' असा आवाज येतो. एका खांबाला चार क्लिपा, चार वेळा टक्. तीनच ऐकू आले तर आवरण पुन्हा काढायचं.

लोंबती वायर त्यांना कुठेच सोसत नसे. बँकेत रांगेत उभे असताना त्यांनी एकदा कारकुनाच्या टेबलाखालच्या वायरी आवरून दिल्या होत्या. काम फार देखणं झालं होतं, फक्त प्रिंटर दोन दिवस चालू होईना आणि त्याची वायर कुठे गेली ते कुणाला सापडेना. घरची बेल त्यांनी इतकी सुबक बसवली की तिचं बटण पाहुण्यांना दिसत नाही. पाहुणे दार वाजवतात. बायको मोबाइल चार्ज करायला शेजारी जाते, कारण घरचा चार्जर आहे, जागच्या जागी आहे, पण ती जागा कुठली हे मिस्त्री दुकानात असले की सांगायला कोणी नसतं.

अशा माणसाचे कान जावेत, यात कुणाची तरी खोडी असणार असं मला आपलं वाटतं.

कान एकदम गेले नाहीत. पहिल्यांदा 'टक्' गेला. मिस्त्री क्लिपांना शिव्या देऊ लागले, हल्ली क्लिपाच पूर्वीसारख्या येत नाहीत म्हणाले. मग फोन गेला. दुसऱ्या गावी नोकरी करणारी लेक रोज संध्याकाळी फोन करायची आणि मिस्त्री आवाजाच्या चढउतारावरून अंदाज बांधून "छान, छान" म्हणायचे. बहुतेक वेळा ते जमून जायचं. एकदा ती म्हणाली, "बाबा, मला तीन दिवस ताप आहे." मिस्त्री म्हणाले, "अरे वा, छान! असंच चालू दे." त्याच महिन्यात दुकानासमोर एक गाडी हॉर्न वाजवत मागे आली आणि मिस्त्री तिच्याकडे पाठ करून शांतपणे टेप कापत राहिले. ब्रेक लागला तेव्हा गाडी त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर लांब होती.

लेक दोन दिवसांची रजा टाकून आली, बापाला हाताला धरून कानाच्या दवाखान्यात घेऊन गेली आणि मशीन घेऊन दिलं. शेंगदाण्याएवढं यंत्र कानामागे बसतं, आणि त्यातून एक बारीक पारदर्शक वायर निघून कानावरून वळसा घालून आत जाते.

मिस्त्रींनी आरशात पाहिलं. मग कान तपासणाऱ्या बाईंना विचारलं, "ही वायर आतून नाही का घेता येणार?"

"आतून म्हणजे?"

"म्हणजे मागून. आतल्या बाजूने. बाहेर दिसणार नाही अशी."

"आतल्या बाजूला तुमचं डोकं आहे," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर लेकीने बापाला समोर बसवून अट घातली. मशीन सकाळी कानात जाईल ते झोपताना निघेल. "दुकानात तुमच्या कानात हे नाही असं मला एकदा जरी कळलं, तर दुकानाला कुलूप आणि तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला यायचं. मागे येणारी गाडी ऐकू न येणाऱ्या माणसाने रस्त्यावर दुकान चालवायचं नाही." लेक बोलली की ते दगडावर कोरलेलं असतं. हा गुण बापाचाच, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती.

मिस्त्रींनी कबूल केलं. आणि दुसऱ्याच दिवशी बायकोकडून कान झाकणारी एक टोपी शिवून घेतली. बायको घरी शिवणकाम करते, तिने न दिसणाऱ्या टाक्यांची सुरेख टोपी शिवली. भर उन्हाळ्यात कानटोपी घातलेला मिस्त्री बघून लोकांना वाटलं, कॅमेऱ्यांचं काम करून डोक्यावर परिणाम झाला असावा. मिस्त्रींना ते चालत होतं. वायर दिसत नव्हती ना, बस्स.

अडचण एकच होती. फ्यूजचा डबा स्टिअरिंगच्या खाली असतो. तिथे डोकं उलटं घालावं लागतं, आणि उलट्या डोक्यावर टोपी राहत नाही. म्हणून काम करताना मिस्त्री टोपी काढायचे, आणि वायर दिसायला नको म्हणून मशीनही काढायचे. खिशातल्या डबीत ठेवायचे आणि गाडीचं काम संपलं की पुन्हा कानात. हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या मंगळवारी डबी घरी राहिली.

मंगळवारी तीन गाड्या झाल्या. सकाळी दातांच्या डॉक्टरांची. दुपारी ड्रायव्हिंग स्कूलची, तिला नुसता मागचा कॅमेरा बसवायचा होता. संध्याकाळी टॅक्सी. घरी येऊन मिस्त्रींनी तोंड धुवायला टोपी काढली आणि हात कानाकडे नेला, तर कानावर फक्त कान होता. मशीन काढून कुठेतरी "नीट" ठेवलं होतं एवढंच आठवत होतं. कुठल्या गाडीत, ते आठवेना. आणि रविवारी लेक येणार होती.

मिस्त्रींनी टोपी पुन्हा चढवली आणि जेवायला बसले.

"आज आमटी खारट झालीय का हो?" बायकोने विचारलं.

"छान, छान," मिस्त्री म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे जरा बघितलं आणि आमटीत थोडं पाणी ओतलं. संध्याकाळच्या फोनला मिस्त्रींनी "रेंज नाही" असं ओरडून सांगितलं आणि फोन तिच्या हातात दिला.

बुधवारी सकाळी ते डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. "मोफत तपासणी आहे," म्हणाले, "वायर कुठे ताणली नाही ना, बघतो." डॉक्टरांनी किल्ली दिली. मिस्त्रींनी गाडीत सीटखाली, पायपुसण्याखाली, दारांच्या कप्प्यांत बघितलं. एक पेन, दोन टॉफ्या आणि कुणाची तरी कवळी निघाली, मशीन नाही. किल्ली परत द्यायला आत गेले तर डॉक्टर तोंडाला मास्क लावून उभे. ओठ दिसत असते तर मिस्त्रींनी कसंतरी निभावून नेलं असतं. डॉक्टर काहीतरी म्हणाले, मिस्त्री म्हणाले "छान, छान." डॉक्टरांनी खुर्चीकडे हात केला, मिस्त्री बसले. डॉक्टरांनी बॅटरी मारून तोंडात पाहिलं, पुन्हा काहीतरी विचारलं. त्यांचा आवाज प्रश्न विचारल्यासारखा वर गेला होता एवढं मिस्त्रींना कळलं. म्हणून ते जरा जोरात म्हणाले, "अगदी छान! करून टाका!"

अर्ध्या तासाने मिस्त्री गालात कापूस धरून रस्त्यावर उभे होते. कानाचं मशीन शोधायला गेलेला माणूस एक दाढ देऊन आला. दाढ किडलेली होती आणि कधीतरी काढायचीच होती, पण त्या दिवशी ती कुणाच्याच डोक्यात नव्हती.

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी दिवसभर रिकामी मिळेना. तेव्हा मिस्त्री शिकाऊ बाईंच्या मागच्या सीटवर बसून शहरभर फिरले आणि पायाखाली चाचपत राहिले. त्या बाईंनी सिग्नलला तीनदा गाडी बंद पाडली आणि एकदा दुभाजकावर चढवली. पुढे शिकवणारे गृहस्थ काय ओरडत होते ते मिस्त्रींना ऐकू आलं नाही, हा त्या दोन दिवसांतला एकमेव फायदा. मशीन तिथेही नव्हतं.

राहिली टॅक्सी. आणि गुरुवारी टॅक्सी आपण होऊनच दुकानात आली.

टॅक्सी चालवणाऱ्या ताई पन्नाशीच्या. त्यांचं तोंड इंजिनाबरोबर सुरू होतं आणि इंजिन बंद केलं तरी थांबत नाही. मंगळवारी त्यांनी पुढचा आणि आतला असा दोन डोळ्यांचा कॅमेरा बसवून घेतला होता, म्हणजे रस्ताही दिसावा आणि मागे बसलेली माणसंही. आता त्या दार आपटून उतरल्या आणि हातवारे करून बोलू लागल्या. मिस्त्रींनी त्यांच्या ओठांवर नजर रोखली.

"शिटी वाजतेय, मिस्त्री! शिटी! तुमचा कॅमेरा लावल्यापासून गाडीत शिटी वाजतेय!"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कानाचं मशीन चालू ठेवून बंद जागेत कोंबलं की ते आपलाच आवाज आपण ऐकून चुंईं करत राहतं. घरी मिस्त्री रोज ते डबीत ठेवताना बंद करायला विसरायचे, आणि बायको अंथरुणातून उठून त्याची गोळीएवढी बॅटरी काढून ठेवायची. मिस्त्रींना हे माहीतच नव्हतं. ती शिटी वाजायची तेव्हा मशीन डबीत असायचं, आणि मशीन डबीत असलं की त्यांना शिटी ऐकू यायची नाही. दुकानात रस्त्याच्या गोंगाटात ती कुणाच्याच लक्षात येत नसे.

"शिटी? कुठे?" मिस्त्रींनी विचारलं.

"ही काय! आत्ता वाजतेय!"

मिस्त्री टॅक्सीत बसले. श्वास रोखून ऐकलं. डॅशबोर्डला कान लावला. फ्यूजचा डबा उघडला, जोडण्या हलवून बघितल्या, सगळं ठणठणीत. शिटी त्यांच्या डोक्याच्या वर चार बोटांवर, छताच्या अस्तरात, मन लावून वाजत होती. त्यांनी जाता जाता सीटखाली हात घालून मशीनही शोधलं, ते मिळालं नाही, आणि खाली उतरले.

"ताई, काही वाजत नाही. मनाचे खेळ आहेत."

"मनाचे?" ताईंचा आवाज इतका चढला की तो मिस्त्रींनाही थोडा ऐकू आला. "काल एक म्हातारबुवा म्हणाले, गाडीत उंदराची पिल्लं आहेत, आणि अर्ध्या वाटेत उतरले! एक बाई म्हणाली, पिंजऱ्यातला पक्षी कुठे लपवलात? आणि एका पोराने सबंध वाट माझ्याबरोबर शिट्या मारल्या! सगळ्यांचं मन एकदम बिघडलं का?"

"छान, छान," मिस्त्री सवयीने म्हणाले. ते चुकीच्या जागी पडलं हे ताईंच्या चेहऱ्यावरून कळलं, पण तोवर टॅक्सी निघून गेली होती.

घरी बायको सगळं बघत होती. बायकोपासून वायर लपवता येते, नवरा स्वतःला लपवू शकत नाही. सकाळी मशीन कानात जाताना जी चुंईं व्हायची ती दोन दिवस झाली नव्हती. गुरुवारी रात्रीच्या जेवणाआधी तिने मिस्त्रींकडे पाठ करून, सुईत दोरा ओवत, नेहमीच्या आवाजात म्हटलं, "अहो, स्वयंपाकघराला आग लागलीय."

"छान," मिस्त्री म्हणाले.

तिने दोरा ओवला आणि शिवत बसली. आपण होऊन सांगतील, असं तिला वाटत होतं. बत्तीस वर्षांच्या संसारात तेवढी आशा अजून शिल्लक होती.

शुक्रवार असाच गेला. मिस्त्रींनी दुकान झाडून काढलं, कचऱ्याचा डबा उपसला, कापलेल्या वायरींच्या तुकड्यांतून एकेक तुकडा वेगळा केला. कामात लक्ष लागेना. टेप कापता कापता मध्येच थांबून ते दुकानाकडे बघत राहायचे. भिंतीवर टांगलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, वर्षानुवर्षं अंगठ्याने झिजलेल्या. रविवारी लेक विचारेल, मशीन कुठाय, आणि मग ह्या सगळ्याला कुलूप. त्यांना गलबलून आलं. दाढेच्या जागी ठणकत होतं तेही वेगळंच.

शनिवारी सकाळी ताई पुन्हा आल्या. या वेळी शांत होत्या, आणि शांत ताई जास्त भीतीदायक दिसत होत्या. नेमकी तेव्हाच मिस्त्रींची बायको दुकानाच्या पायरीवर उभी होती. गळ्यात मोजायची टेप, हातात मिस्त्रींचा घरी विसरलेला जेवणाचा डबा.

"आज पहाटेपासून शिटी बंद झालीय," ताई म्हणाल्या. "पण मला खोटं पाडलंत ना? म्हणून पुरावा आणलाय. तुमच्याच कॅमेऱ्यात आवाजासकट भरलंय." त्यांनी मोबाइल काढून चित्र चालू केलं. टॅक्सी सिग्नलला उभी, मागे एक गृहस्थ कानात बोट घालून बसलेले. आणि सगळ्या दुकानभर चुंईं.

मिस्त्रींनी चित्र बघितलं, ताईंकडे बघितलं, खांदे उडवले.

बायकोने डबा बाकावर ठेवला. "अहो," ती समोर येऊन, ओठ दिसतील अशी उभी राहून म्हणाली, "ही शिटी मी दोन महिने रोज रात्री उठून बंद करतेय. टोपी काढा."

मिस्त्रींनी टोपी काढली. दोघी कानाकडे बघत राहिल्या. मग मिस्त्रींनी एका दमात सगळं सांगून टाकलं. डबी, स्टिअरिंगखालचं डोकं, तीन गाड्या, दाढ. दाढेचं ऐकून ताईंना हसू आवरेना. त्या टॅक्सीच्या बॉनेटवर रेलून हसल्या.

"मीसुद्धा टाके लपवते," बायको म्हणाली, "पण गिऱ्हाइकाच्या कपड्यात स्वतःचा कान शिवून टाकत नाही."

"पण मी आत घातलंच नाही! मी नीट बाहेर ठेवलं होतं!" मिस्त्रींना खरंच कळत नव्हतं. "आणि आता कुठे शोधू? बॅटरी संपली, शिटी नाही. अख्खं छत उतरवलं तर अस्तराला सुरकुती पडेल. मी बसवलेल्या छताला सुरकुती!"

"कॅमेऱ्याला विचारा की," बायको म्हणाली.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावर नवं चढतं, मंगळवारचं काही शिल्लक नसणार. पण मिस्त्रींची एक पद्धत होती. कॅमेरा पहिल्यांदा चालू केला की त्याची पहिली तीन मिनिटं ते लॉक करून ठेवत. गिऱ्हाइकाने पुढे कधी तक्रार केली तर बसवताना चित्र कसं स्वच्छ येत होतं ते दाखवता यावं म्हणून. लॉक केलेलं पुसलं जात नाही.

ती तीन मिनिटं ताईंच्या मोबाइलवर निघाली. आतल्या डोळ्याने टॅक्सीचा सगळा पोटभाग टिपला होता. मिस्त्री, टोपी काढलेले, केस विस्कटलेले, कॅमेऱ्याचा कोन जुळवतायत. मग त्यांनी कानातून मशीन काढलं, खिसा चाचपला, डबी नाही. मशीन ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या ऊन अडवायच्या झडपेच्या आकड्याला अडकवलं. अगदी नीट. मग छताच्या कडेने कॅमेऱ्याची वायर आत सारू लागले. सारता सारता तोंडाने काहीतरी बोलत होते, गाडीशी बोलायची त्यांना सवयच होती. बोलत बोलत बोटं झडपेपाशी आली. तिथे एक बारीक वायर लोंबत होती. मिस्त्रींचं लक्ष दुसरीकडेच होतं, पण बोटांना लोंबती वायर दिसली. बोटांनी ती उचलली, अस्तराची कड केसभर उघडली, वायर आणि तिच्या टोकाचा शेंगदाणा आत सारला आणि वरून अंगठ्याने दाबून सारखं केलं. मग मिस्त्रींनी मान मागे घेऊन कामाकडे समाधानाने बघितलं.

मोबाइल धरलेल्या ताई आता हसत नव्हत्या. दोघींनी मिस्त्रींकडे एक विचित्र नजर टाकली.

"मी काय बोलत होतो त्यात?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही नाही," बायको त्यांच्या समोर तोंड आणून म्हणाली. "गाणं म्हणत होतात."

मिस्त्रींनी झडपेपाशी पट्टी लावली, दोन बोटं आत घातली आणि मशीन बाहेर काढलं. अस्तरावर सुरकुती नाही. नवी बॅटरी घातली, कानात बसवलं, आणि चार दिवसांनी जग पुन्हा वाजायला लागलं. रस्ता, हॉर्न, आणि ताईंचं बोलणं, जे मधल्या काळात थांबलेलं नसावं. त्यांच्या जिवात जीव आला. लेकीला यातलं एक अक्षर कळता कामा नये, असं त्यांनी दोघींकडून कबूल करून घेतलं. दोघींनी माना डोलावल्या. उद्या लेकीला स्टेशनवरून घरी कोण आणणार, हे ठरलं तेव्हा मिस्त्री मागच्या खोलीत हात धूत होते.

रविवारी अकरा वाजता टॅक्सी दारात थांबली. मिस्त्री कानात मशीन आणि मशीनवर टोपी घालून वाट बघत होते. लेक उतरली. तिचे डोळे लाल दिसले आणि मिस्त्रींनी टोपी आणखी खाली ओढली.

"मी तोंडातून अक्षर काढलं नाही हं, मिस्त्री," ताई खिडकीतून म्हणाल्या. "मी फक्त चित्र लावून दिलं."

लेक बापासमोर बसली. तिने मोबाइल टेबलावर ठेवला आणि तीच तीन मिनिटं लावली. मिस्त्रींना वाटलं होतं, गाणं असेल. गाणं नव्हतं. त्यांचा स्वतःचा आवाज आला, कधी ऐकलेला नसावा तसा, थकलेला.

"नीट उभी राहा बये. तुझी वायर मी लपवतो, माझी कोण लपवणार? लेकीने एवढ्या मायेने आणलंय. पण हे लावून उभा राहिलो की गिऱ्हाईक कानाकडे बघतं, हाताकडे बघतच नाही. म्हणतील, टक् ऐकू न येणारा माणूस क्लिपा काय बसवणार. आता हिला चार क्लिपा, बघ. मला एकही ऐकू येणार नाही. बोटांना कळतं. बोटांना अजून सगळं कळतं, पण ते सांगायचं कुणाला? लेक म्हणते, दुकान बंद करा नि माझ्याकडे या. जाईन की. ती म्हणाली तर जाईन. पण तिच्या घरी मी करू काय दिवसभर? तिच्या घरात सगळ्या वायरी आधीच भिंतीत आहेत."

चित्र संपलं. मिस्त्री मान खाली घालून बसले होते. अट मोडली होती, पुरावा आवाजासकट होता, आणि तो त्यांनीच लॉक करून ठेवला होता.

"दुकानाची किल्ली आत खुंटीला आहे," ते शेवटी म्हणाले.

लेक उठली. तिने किल्ली आणली नाही. तिने बापाच्या डोक्यावरची टोपी काढली, नीट घडी घातली आणि आईच्या हातात दिली.

"दुकान बंद करायचं नाही," ती म्हणाली, आणि मुद्दाम हळू म्हणाली. तरी मिस्त्रींना ते स्पष्ट ऐकू आलं. "पण टोपी आजपासून बंद. स्टिअरिंगखाली डोकं घाला नाहीतर इंजिनात घाला, मशीन कानात राहणार. आणि ही वायर दिसली पाहिजे. मला दिसली पाहिजे, ताईंना दिसली पाहिजे, मागे येणाऱ्या गाडीवाल्यालाही दिसली पाहिजे. तुम्ही आयुष्यभर इतक्या लपवल्यात बाबा, एक राहू द्या बाहेर."

मिस्त्रींनी हो म्हटलं. "छान" म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही.

त्यांनी त्याच दिवशी जाऊन केस कापून घेतले, कानावरचे अगदी बारीक. त्या माणसाला ही शिक्षा केवढी होती ते लेकीला माहीत होतं, म्हणून ती केशकर्तनालयात शेजारी बसून राहिली आणि त्यांचा हात धरून होती.

सोमवारी सकाळी पहिलंच गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं. चौकस माणूस होता. तीन तास बाकावर बसला, चहाला पाठवलं तरी गेला नाही. मिस्त्री गाडीच्या पोटात उलटे वाकले होते आणि उन्हात त्यांच्या कानावरची बारीक वायर चकाकत होती. त्यांनी खांबाचं आवरण जागेवर ठेवलं, तळहाताने दाबलं. टक्. टक्. टक्. टक्. ते क्षणभर तसेच थांबले. मग आवरण पुन्हा काढलं आणि पुन्हा बसवलं. काही चुकलं नव्हतं. त्यांना नुसतं ऐकायचं होतं.

काम झाल्यावर गिऱ्हाइकाने गाडीला आतून बाहेरून डोळ्यांत तेल घालून बघितलं. कुठेच काही सापडेना. शेवटी त्याची नजर मिस्त्रींवर गेली आणि त्याचा चेहरा खुलला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "एक वायर दिसतेय हो!"

मिस्त्रींचा हात सवयीने कानाकडे गेला, वायर बोटांत आली, आणि बोटं थांबली. त्यांनी हात खाली घेतला.

"असू द्या," ते म्हणाले. "ती माझ्या लेकीने बसवलीय."